अनुभव धागा: रंग-पाण्याच्या खेळातून तुमच्या मुलांना काय सापडलं?

पावसाने शाळेला सुट्टी दिली की घराघरात वाट्या, रंग आणि सांडलेलं पाणी असतं. तुमच्याकडचे अनुभव लिहा. कृती थोडक्यात चालेल, पण मूल काय म्हणालं ते नीट सांगा. माझं मत आधीच नोंदवते: काय होईल हे मुलाला आधी विचारावं आणि उत्तर सांगायची घाई करू नये.

नेरूळची आजी
हळद पाण्यात कालवून कागदाला फासली, वाळवली. साबणाच्या पाण्यात बुडवलेलं बोट फिरवताच पिवळ्यावर लालभडक रेघ! नातीने त्यावर लिंबू पिळलं तर रेघ परत पिवळी. मग तिने घरभर तपासणी लावली: ताक, टूथपेस्ट, चिंचेचं पाणी. प्रत्येकाआधी "लाल होईल की नाही?" हे मला विचारायची आणि स्वतःच उत्तर द्यायची. साबणासारख्या अल्काने (आंबटाच्या उलट गुणाच्या पदार्थाने) हळद लाल होते, आंबटाने परत पिवळी. पूर्वी कुंकू हळदीला चुना लावून करायचे हेही तिला सांगितलं. चुन्याचा कागद मात्र मीच केला. चुना डोळ्यात गेला तर फार वाईट, मुलांच्या हाती देऊ नका.

घोडबंदर रोड, चार वर्षांच्या मुलीची आई
टिश्यू पेपरवर काळ्या स्केचपेनचा ठिपका, कागदाचं टोक पाण्यात. पाणी चढलं तसे निळा, गुलाबी वेगळे झाले. "काळ्यात हे लपले होते!" आता प्रत्येक पेनाची झडती चालू आहे.

ऐरोलीची बालवाडीताई
दोन सारख्या ग्लासांत सारखं रंगीत पाणी, मग एकातलं उंच, अरुंद ग्लासात ओतायचं. चार-पाच वर्षांची बहुतेक मुलं ठामपणे सांगतात, "उंचात जास्त." स्विस मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी हेच दाखवलं होतं. ग्लास बदलला तरी पाणी तेवढंच राहतं ही समज साधारण सातव्या वर्षाच्या आसपास पक्की होते. म्हणून मी चूक काढत नाही, परत ओतायला सांगते. ओतताना मनगट किती वळवायचं, कुठे थांबायचं, हेही हात शिकतोच. महागडे किट नकोत. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यात, आजूबाजूला मिळणाऱ्या वस्तूंवरच बालशिक्षण उभं केलं.

कळव्याहून एक बाबा
गॅलरीतली निळी गोकर्ण गरम पाण्यात टाकली. पाणी निळं, लिंबू पिळल्यावर जांभळं. मुलगा म्हणाला, "फुलावरच पिळू." थेंब पाकळीवरून ओघळून गेला, रंग तसाच. त्याने थोडा वेळ पाकळीकडे बघितलं, ती चुरडली आणि पुन्हा लिंबू लावलं. बोटं जांभळी. मी एक शब्दही बोललो नव्हतो. उद्या जास्वंद. कुणी केलं असेल तर कृपया उत्तर इथे लिहू नका, तो शेजारी बसून वाचतोय.