सही तिची, व्यवहार त्याचा

गटातून मिळणाऱ्या छोट्या कर्जांबद्दल (मायक्रोक्रेडिट) "बायका हप्ते बुडवत नाहीत, म्हणजे त्या सक्षम झाल्या" असं म्हणतात, ते मला पटत नाही. परतफेड बरेचदा गटाच्या धाकाने होते. एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. तो भरायला दुसरीकडून उचल घेणाऱ्याही असतात. गोएट्झ आणि सेनगुप्ता यांच्या १९९६ च्या बांगलादेशातल्या अभ्यासात तर बायकांच्या नावावरची बरीच कर्जं प्रत्यक्षात घरातले पुरुषच वापरत होते. २०१५ मध्ये अशा कर्जांवरचे सहा देशांतले प्रयोग एकत्र प्रसिद्ध झाले, त्यांतही घरात बाईच्या शब्दाला फारसं वजन आलेलं दिसलं नाही. कर्ज वाईटच असं नाही म्हणत, अडीनडीला सावकारापेक्षा बरंच. पण मला तिच्या स्वतःच्या बचत खात्याचं मोल जास्त वाटतं. त्यामागे हप्त्याचा तगादा नसतो, आणि (हे महत्त्वाचं) ते घरात सांगायलाच हवं असंही नाही.