दीक्षितांचं कृत्तिकांचं गणित: साडेसहाशे वर्षं कुठे गळली?

कृष्णाकाठ (सांगली):
भारतीय ज्योतिषाचा इतिहास लिहिणाऱ्या शं. बा. दीक्षितांनी शतपथ ब्राह्मण या वैदिक ग्रंथातल्या कृत्तिका तारकापुंजाच्या उल्लेखावरून इ.स.पू. सुमारे ३००० हा काळ काढला. ते गणित वाचनालयात मुलांपुढे मांडायचंय. कृत्तिकांच्या योगताऱ्याचा (पुंजाच्या मुख्य ताऱ्याचा) सायन भोग, म्हणजे संपातापासून सूर्यमार्गावरचं अंतर, २००० साली ६०°. संपात (सूर्यमार्ग आकाशातल्या विषुववृत्ताला छेदतो तो बिंदू) ७२ वर्षांत १° सरकतो. ६० × ७२ = ४३२०, म्हणजे योगतारा संपातावर होता इ.स.पू. २३२०ला. चुकलं कोण, दीक्षित की मी?

शरसंधान:
तुम्हीच. शर, म्हणजे ताऱ्याचं सूर्यमार्गापासून उत्तर-दक्षिण अंतर, विसरलात. मूळ वाक्य बघा: ‘एता ह वै प्राच्यै दिशो न च्यवन्ते’, या पूर्व दिशेपासून ढळत नाहीत. नेमका पूर्वेला उगवतो तो शून्य क्रांतीचा तारा (क्रांती म्हणजे आकाशातल्या विषुववृत्तापासून उत्तर-दक्षिण अंतर). तुम्ही शून्य धरलात भोग! योगताऱ्याचा शर ४° उत्तर आहे, त्यामुळे भोग शून्य असताना क्रांती पावणेचार अंश उत्तर भरते. ती शून्यावर यायला तारा संपाताच्या मागेच हवा. किती मागे? (परमक्रांती म्हणजे सूर्यमार्ग आणि विषुववृत्त यांच्यातला कोन.)

साइन भोग = टॅन शर ÷ टॅन परमक्रांती = ०.०७१ ÷ ०.४४५ = ०.१५९, म्हणजे ९°.

परमक्रांती २४° घेतलीय, तेव्हा ती आजच्यापेक्षा जास्त होती. (आजची घेतली तरी फरक पाव अंशाचाच.) आता ६० + ९ = ६९, आणि ६९ × ७२ = ४९६८. इ.स.पू. २९७०च्या आसपास आलात.

जुनी पोथी:
गणित ठीक, पण मुलांना ३००० हे ठाम साल म्हणून सांगू नका. क्रांतीतला २° फरक नुसत्या डोळ्यांना सहज निसटतो, आणि तेवढ्यासाठी संपात ५° सरकावा लागतो. म्हणजे ३६० वर्षं इकडे किंवा तिकडे. दीक्षितांचा सगळा भर ‘च्यवन्ते’ या वर्तमानकाळी क्रियापदावर. निरीक्षण जुनं, परंपरेनं आलेलं असेल तर ग्रंथ पुष्कळ नंतरचा ठरतो. आक्षेप घेणारे बोट ठेवतात ते इथेच.
आणि माणसाबद्दलही सांगा की. १८५३ साली दापोलीजवळच्या मुरूडला जन्म, पेशा शिक्षकाचा, १८९६ला भारतीय ज्योतिषाचा एवढा मोठा इतिहास छापला तो मराठीत, आणि १८९८ला गेलेसुद्धा.

कृष्णाकाठ:
शर! धन्यवाद. आज सांगलीतून त्या कुठे उगवताना दिसतील?

शरसंधान:
क्रांती २४° उत्तर, अक्षांश १६° ५१′, म्हणजे पूर्वेपासून २५° उत्तरेला. ऑक्टोबरअखेर रात्री आठला बघा. तोवर त्या १०° वर आलेल्या असतात आणि वर चढताना दक्षिणेकडे कलतात, म्हणून मोजमाप २२° भरेल. मोबाइलचं होकायंत्र गाडीच्या बॉनेटवर ठेवू नका, लोखंडाजवळ ते वाटेल ते दाखवतं.