प्रत्येक हॉस्पिटलने आपत्तीत लहान मुलांसाठी तयार असायलाच हवं का?

मुक्ता: माझं मत, हवंच, मुलांचा वॉर्ड असो नसो. भूकंप झाला, पूर आला की लोक मुलाला उचलून जवळच्या दवाखान्यात पळतात, तिथे बालरोगतज्ज्ञ आहे का ते कोण बघत बसणार. १० किलोच्या बाळाच्या अंगात रक्तच जेमतेम ८०० मिली, त्यातलं २०० गेलं तरी जिवावर बेतू शकतं. श्वास भरभर, म्हणून विषारी वायू जास्त आत जातो, त्यात क्लोरीनसारखा जड वायू जमिनीलगत साचतो, म्हणजे नेमका त्यांच्या नाकाशी. आणि हॉस्पिटलच्या आपत्ती सरावात (ड्रिलमध्ये) पेशंट सगळे मोठेच!

अभय_क: नाही पटलं. पैसा आणि माणसं मोजकीच असतात. छोट्या मापाच्या नळ्या, मास्क पडून पडून एक्सपायर होणार. त्यापेक्षा मुलांचं एक हॉस्पिटल पूर्ण सज्ज ठेवा आणि ॲम्ब्युलन्सने तिकडे हलवा. ज्याचा बाळाला सलाइन लावायचा हात बसलेला नाही त्याने ऐन गर्दीत शिकू नये.

मुक्ता: रस्ताच तुटला तर हलवणार कसं? मी आयसीयू मागत नाहीये हो. ब्रोसेलो टेप ठेवा, मुलाची उंची मोजली की अंदाजे वजन आणि डोस कळतो. ट्रायाज शिकवा, म्हणजे गर्दीत कुणावर आधी उपचार करायचे ते ठरवून रंगीत टॅग लावणं. मोठ्या माणसाचा श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास आला नाही तर काळा टॅग, म्हणजे मृत किंवा वाचण्याची आशा नाही, पण मुलांच्या जम्पस्टार्ट पद्धतीत नाडी लागत असेल तर आधी पाच श्वास देऊन बघतात, कारण मुलांचा बहुतेकदा श्वास आधी बंद पडतो, हृदय नंतर. हे माहीत नसलं तर वाचणारं मूल काळ्या टॅगमध्ये जाईल.

वॉर्डवाली: मी नर्स आहे, मला जास्त काळजी एकट्या सापडलेल्या मुलांची. २००५ च्या कतरिना वादळानंतर ५ हजारांवर मुलं हरवल्याची नोंद झाली होती, शेवटचं मूल घरच्यांना भेटेपर्यंत सहाएक महिने गेले. बोलता न येणारं बाळ आलं की अंगावरचे कपडे काढायच्या आधी फोटो, कुठे सापडलं ते लिहा, मनगटाला पट्टा बांधा. आणि कुणी मामा म्हणून आला की लगेच हवाली करू नका.

अभय_क: ट्रायाज आणि नोंद मान्य, त्याला खर्च नाही. साठ्याला माझा विरोध आहेच. फार तर मोठ्या हॉस्पिटलशी अदलाबदल करत राहा, म्हणजे मुदत संपायच्या आत वापरला जाईल.

वॉर्डवाली: बाकीचं फिरवा, पण मुलांची अंबू बॅग (हाताने दाबून श्वास देण्याची पिशवी) आणि दोन-तीन मापांचे मास्क कॅज्युअल्टीतच हवेत, श्वास बंद पडलेलं मूल ॲम्ब्युलन्सची वाट बघू शकत नाही.