चार मशीन भाड्याने द्यायला आकाश नेटवर्कवर लावल्यात, बिड (बोली) जातायत पण लीज (भाडेकरार) एकही नाही, नाशिकमधून कोणी चालवतंय का?

इंदिरानगरवाला:
नमस्कार मंडळी, माझा छोटा अ‍ॅनिमेशन क्लास होता तो बंद केला पण चार पीसी तसेच पडून आहेत, प्रत्येकात १२ जीबीचं ३०६० ग्राफिक्स कार्ड (जीपीयू), विकायला जीव होत नाही म्हणून रात्र रात्र बसून कुबरनेटीस (अनेक मशीनवर कामं चालवायचं सॉफ्टवेअर) शिकलो आणि आकाश नेटवर्कवर, म्हणजे लोक एकमेकांना कॉम्प्युटर भाड्याने देतात तिथे, प्रोव्हायडर (भाड्याने देणारा) म्हणून लावला. तीन आठवडे झाले. लॉगमध्ये बिड गेलेली दिसते, थोड्या वेळाने क्लोज, बस. मला मुळात हेच कळत नाहीये की समोरच्याला माझं मशीन सापडतं कसं आणि काम कोणाला द्यायचं ते ठरवतं कोण? भाव इतका उतरवलाय की अजून कमी केला तर लाइटबिल पण निघणार नाही.

सातपूरकर:
भाव उतरवू नका आधी. ठरवणारा वर कोणी बसलेला नाही. ज्याला मशीन हवंय तो फाइलमध्ये मागणी लिहितो, एवढा सीपीयू, एवढी रॅम, अमुक जीपीयू, जास्तीत जास्त एवढा भाव, ती ऑर्डर चेनवर (सगळ्यांना दिसणाऱ्या सामायिक ब्लॉकचेन नोंदवहीत) पडते आणि ज्याच्याकडे तेवढं मोकळं आहे त्याचं सॉफ्टवेअर आपोआप बिड टाकतं. लासलगावला ट्रॅक्टरभोवती व्यापारी भाव चढवत नेतात, इथे उलटं, गिऱ्हाईक एक आणि विकणारे भाव पाडतात. पण सगळ्यात स्वस्त तोच निवडला जाईल असं नाही, निवड गिऱ्हाइकाची.

मला संशय वेगळाच येतोय. बिड तुमच्याकडून बाहेर जाते, ती कुठल्याही घरच्या नेटवरून जाईल. लीज झाल्यावर मात्र गिऱ्हाईक त्याची फाइल थेट तुमच्या प्रोव्हायडरकडे पाठवतो, ८४४३ पोर्टवर (नेटवरचं ठरलेलं दार), म्हणजे बाहेरून आत यायला वाट पाहिजे. ज्याचं दार वाजवून उत्तर येत नाही त्याला कोण काम देईल? राउटरच्या पेजवर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा नेटचा पत्ता) बघा, पहिले दोन आकडे सांगा.

इंदिरानगरवाला:
१००.८७ दिसतंय

सातपूरकर:
मग तेच आहे. १००.६४ ते १००.१२७ ही रेंज सीजीनॅटसाठी (नेटवाला एकच पत्ता अनेकांना वाटून देतो ते) २०१२ मध्ये राखून ठेवलेली आहे, तुम्ही आणि आणखी बरेच जण एकाच पब्लिक आयपीमागे आहात. राउटरमध्ये कितीही पोर्ट फॉरवर्ड करा, उपयोग नाही. स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, नाहीतर गोलेम हे असंच दुसरं नेटवर्क बघा, तिथे रिलेमधून (मधल्या सर्व्हरमधून) जोडणी होते.

कॉलेजरोड:
मशीन सापडतं कसं त्याबद्दल थोडं, कारण माझा एमटेकचा प्रोजेक्ट यावरच आहे. चेन नको असेल तर केडेम्लियासारखं डीएचटी (सगळ्या मशीनमध्ये वाटलेली शोधयादी) वापरतात, २००२ चं आहे, फाइल वाटायच्या बिटटोरंटचं डीएचटी त्यावरच बेतलेलं आहे. प्रत्येक मशीनला लांबलचक आयडी, दोन आयडींचं एक्सऑर (बिट-बिट तुलना) काढलं की अंतर, आणि दर पावलाला जवळच्या मशीनकडे विचारत जायचं, त्यामुळे लाखो मशीनमध्ये पण वीसेक पावलांत काम होतं. अडचण अशी, नेमकी "की" (key, नोंदीची खूण) माहीत असेल तरच सापडतं, "१६ जीबीपेक्षा जास्त रॅमवाला कोणीही" हे त्याला विचारताच येत नाही. आम्ही रॅमचे गट पाडून प्रत्येक गटाला एक "की" दिली, तरी मोकळी रॅम मिनिटामिनिटाला बदलते, जुनी नोंद बघून गेलं तर मशीन आधीच भरलेलं. डोकं खाल्लंय या गोष्टीने.

अंबडकर:
आयपीचं झालं की शनिवारचं बघा. आमच्याकडे शनिवारी लाइट जाते, एकदा चार तास गेली, इन्व्हर्टर दीड तासात बसला आणि चालू लीज गेली, त्या माणसाचं निम्मं ट्रेनिंग वाया. मला फार वाईट वाटलं. तेव्हापासून चारऐवजी दोनच मशीन ऑनलाइन ठेवते, पण यूपीएसवर पूर्ण दिवस निघेल अशी.

इंदिरानगरवाला:
नेटवाल्याशी बोललो, स्टॅटिक आयपी महिन्याचे जादा पैसे घेऊन देतोय, काल चालू झाला. मोबाईल डेटावरून ८४४३ उघडून बघितलं, उत्तर आलं!! भाव परत आधीचा केला. @अंबडकर ताई, तुमच्या यूपीएसला बॅटरी किती एएचची आणि किती लावल्यात?