असाकुसाच्या चित्रातला बर्फ

जपानी चित्रकार हिरोशिगेने असाकुसा भागातल्या सेन्सोजी मंदिराचं चित्र भर बर्फात तिथे उभं राहून काढलं असणार, असं कुणीतरी म्हटलंय. मला पटत नाही. ते छापून आलं १८५६च्या ऐन उन्हाळ्यात! आदल्या वर्षी एदोत (आजच्या टोकियोत) मोठा भूकंप झाला, त्यात मंदिराच्या पाच मजली पॅगोडाचा कळस वाकला. आता चित्रात उजवीकडे बघा, कळस ताठ आहे. नुकतीच दुरुस्ती झाली होती, त्याच आनंदाचं हे चित्र, असं काही अभ्यासक मानतात. लाल-पांढरी जोडी तिकडे शुभकार्याची, म्हणून वर तो अर्धवट कापलेला भलामोठा लाल कंदील आणि खाली बर्फ.

आणि हो, जमिनीवरचा बर्फ म्हणजे पांढरा रंग नव्हे, कोरा कागद. छपाईच्या लाकडी ठशाचा तेवढा भाग खोदून टाकला की तिथे रंग लागतच नाही.