आत्या अंथरुणावर आहे, हक्कसोडला घरी येणारा नोटरी चालेल का?

पारोळ्याचा भाचा
राम राम मंडळी. आजोबांच्या शेतावर वडिलांसोबत आत्याचंही वारस म्हणून नाव आहे. ती राजीखुशीने हक्क सोडतेय, पण खुबा मोडल्यापासून उठता येत नाही. मुक्काम बहादरपूर. एक नोटरी गाडी घेऊन घरी येतो म्हणतो, स्टँप-शिक्का सगळं सोबत, 'एका बैठकीत काम फत्ते'. करून टाकू का? दुसरं, सातबाऱ्यावर तिचं नाव माहेरचं, आधारवर सासरचं.

कोर्टातला नाना
थांब भो. अमळनेरला वकिलांकडे मुन्शीगिरी करण्यात माझे केस पांढरे झाले, म्हणून सांगतो. नोटरी म्हणजे सरकारने नेमलेला जुना वकील. १९५२ च्या कायद्याप्रमाणे तो ओळख पटवतो, शपथ देतो, सही आपल्यासमोर झाली म्हणून शिक्का मारतो. जमिनीचा हक्क इकडून तिकडे करणं त्याच्या हातात नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे, म्हणजे दस्त नोंदवणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडे, नोंदवावंच लागतं. नुसता नोटरीचा कागद घेऊन गेलास तर तलाठी फेरफार (सातबाऱ्यावरच्या नावातला बदल) धरणार नाही, आणि उद्या आतेभाऊ फिरला तर कोर्टातही तो कागद टिकणार नाही.

आता घरी येण्याचं. नोंदणी कायद्याच्या कलम ३१ प्रमाणे खास कारण असेल तर निबंधक स्वतः घरी येऊ शकतो. डॉक्टरचा दाखला जोडून पारोळ्याच्या कार्यालयात अर्ज दे. लोकांना हे माहीतच नसतं, आणि एजंट सांगत नाहीत (का, ते तूच समज).

नावाच्या फरकाला मात्र नोटरी चालतो. 'दोन्ही नावांची बाई मीच' असं प्रतिज्ञापत्र कर. त्यासाठी बोलाव खुशाल घरी.

धुळेकर
आमच्याकडे तर माणूस न जाताच शिक्का मिळतो. आधारची झेरॉक्स दिली की झालं.

कोर्टातला नाना
मिळतो, आणि पुढे तोच गळ्याशी येतो. नोटरीकडे रजिस्टर असतं. त्यात नोंद आणि सही करणाऱ्याची सही किंवा अंगठा हवा. खोटं निघालं की पहिलं तेच मागवतात. शिवाय शिक्क्यावर त्याचं कार्यक्षेत्र वाच. सनद एका भागाची आणि फिरतो भलतीकडेच, असेही नग आहेत.

पारोळ्याचा भाचा
नाना, आत्याला सही येत नाही. मराठी कागद वाचून दाखवला तरी ती अहिराणीतच बोलणार.

कोर्टातला नाना
मग अहिराणीतच समजावून सांगायला लाव, आणि 'समजावून सांगितले, कबूल केले' ही ओळ कागदावर आहे ना ते बघ. अंगठ्याशेजारी ओळखणाऱ्याची सही घे, पण तो तुझ्या घरचा नको. ऑक्टोबर २०२४ पासून शंभराच्या स्टँपची कामं पाचशेवर गेलीत, घरात जुना पडला असेल तर त्यावर काही टाइप करून बसू नकोस. आणि आतेभावाला त्या दिवशी जेवायला बोलाव, समोर बसू दे.

पारोळ्याचा भाचा
तो येतोच आहे. सोमवारी अर्ज देतो.