‘असॉल्ट रायफल’ आणि ‘असॉल्ट वेपन’: अर्थ एकच की वेगळे?

शंका: अमेरिकेतील गोळीबारांच्या मराठी बातम्यांत ‘असॉल्ट रायफल’, ‘असॉल्ट वेपन’ आणि ‘लष्करी बंदूक’ हे शब्द एकमेकांच्या जागी आलेले दिसतात. ते समानार्थी आहेत काय? युरोपविषयी लिहितानाही तेच वापरावेत काय?

पहिले उत्तर: समानार्थी नाहीत. ‘असॉल्ट रायफल’ हा लष्करी वर्गवारीतला शब्द असून त्याचे मूळ दुसऱ्या महायुद्धातील ‘श्टुर्मगेवेअर ४४’ (शब्दशः ‘हल्ल्याची रायफल’) या जर्मन नावात सापडते. मध्यम ताकदीचे काडतूस, काढता-घालता येणारे मॅगझिन (गोळ्यांची पेटी) आणि एकेक गोळी झाडायची की सलग मारा करायचा हे निवडण्याची सोय, या तिन्ही गोष्टी तिच्यात असाव्या लागतात. ‘असॉल्ट वेपन’ची व्याख्या मात्र अमेरिकी कायद्यांनी केली. १९९४च्या संघीय कायद्याने काही बंदुका नावानिशी बंद केल्याच, शिवाय काढता येणारे मॅगझिन असलेल्या निमस्वयंचलित (चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सोडणाऱ्या) रायफलला दुमडता दस्ता, पिस्तुलासारखी मूठ, संगीन लावण्याची सोय अशांपैकी दोन गोष्टी असतील, तर तिलाही बंदी लागू केली. त्यामुळे एकाच वेगाने तीच गोळी झाडणाऱ्या दोन रायफलींपैकी एक बेकायदा आणि दुसरी कायदेशीर ठरू शके. शस्त्रहक्कवाद्यांचा या शब्दावरचा राग इथूनच येतो, आणि तो सर्वस्वी निराधार नाही. पण त्यांनी पुढे केलेला ‘मॉडर्न स्पोर्टिंग रायफल’ हा पर्यायही तितकाच हेतुपुरस्सर आहे. तो कायदा २००४ मध्ये मुदत संपून गेला. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क आदी राज्यांचे स्वतंत्र कायदे आहेत. जाता जाता, अशा बातम्यांत येणाऱ्या ‘एआर-१५’ या रायफलच्या नावातील ‘एआर’ म्हणजे ‘असॉल्ट रायफल’ नव्हे. ती आर्मालाइट या कंपनीच्या नावाची खूण आहे.

दुसरे उत्तर: युरोपात हा शब्द तसाच नेला, तर घोटाळा होतो. स्वित्झर्लंडमध्ये ‘श्टुर्मगेवेअर ९०’ हे सैन्याच्या रायफलचे अधिकृत नावच आहे. ती नागरी सैनिकांच्या घरी असते आणि सेवा संपल्यावर सलग माऱ्याची सोय कायमची काढून, परवान्यासह, स्वतःकडे ठेवता येते. तिथे तिच्याशी कर्तव्याची भावना जोडलेली आहे. अमेरिकेत, शस्त्र बाळगण्याचा हक्क देणाऱ्या १७९१च्या दुसऱ्या घटनादुरुस्तीमुळे, हक्काची. युरोपीय संघाच्या २०१७च्या निर्देशाने मुठीपेक्षा गोळ्या मोजल्या: लांब नळीच्या निमस्वयंचलित शस्त्राला १०पेक्षा अधिक गोळ्यांचे मॅगझिन असेल, तर ते निषिद्ध वर्गात जाते. मे २०१९च्या सार्वमतात स्विस मतदारांनी हा बदल स्वीकारला, मात्र माजी सैनिकांच्या रायफलींना सवलत राहिली. ब्रिटनने हंगरफर्डच्या हत्याकांडानंतर १९८८ मध्येच, .२२ रिमफायर (छोट्या, कमी ताकदीच्या काडतुसाच्या) रायफली वगळता, निमस्वयंचलित रायफलींवर बंदी घातली होती.

तिसरे उत्तर: मग लिहावे कसे? माझ्या मते नागरी एआर-१५साठी ‘निमस्वयंचलित रायफल’ पुरेसे आहे, कारण चाप एकदा ओढल्यावर एकच गोळी सुटते हे त्यातून कळते. ‘स्वयंचलित’ लिहिणे ही सरळ चूक होय. ‘असॉल्ट वेपन’ अमेरिकी कायद्याच्या संदर्भात अवतरणचिन्हांत ठेवावे आणि ‘लष्करी’ हे विशेषण खरोखर सैन्याने वापरलेल्या शस्त्रालाच लावावे.